भिंत गवंड्याची, सांधा गॅसच्या कारागिराचा

पनवेल तालुक्यातील विचुंबे हे गाव आज शेत आणि शहर यांच्या उंबरठ्यावर उभे आहे. एका अंगास नवीन पनवेलच्या इमारती, दुसऱ्या अंगास उरलीसुरली भातखाचरे आणि दूर पूर्वेस माथेरान व प्रबळगडाचे डोंगर. नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्रासाठी, ज्याला सर्वत्र ‘नैना’ म्हणतात, शासनाने २०१३ साली सिडकोची नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक केली. विचुंबे त्याच क्षेत्रात येते. अशा गावात कौलारू घराशेजारी स्लॅबचे घर उभे राहते, गोठ्याच्या पडवीत मोटारसायकल येते आणि चुलीची जागा ओट्यावरची शेगडी घेते.

चुलीचा कारभार सोपा होता. चूल खचली तर घरची बाई ती माती-शेणाने लिंपून घेई. लिंपण चुकले तर धूर अधिक होई, डोळ्यांना पाणी येई. पण घर उडत नसे. गॅसची गोष्ट निराळी आहे. गॅस म्हणजे धूर नसलेले, वेळ वाचविणारे, स्त्रियांच्या छातीवरील व डोळ्यांवरील मोठा भार हलका करणारे इंधन होय. मात्र त्याचा एक सांधा जरी सैल राहिला, तरी ती चूक रात्रभर मुकाट्याने खोलीत साठत राहते व पहाटे काडी ओढली की प्रकट होते. म्हणून गॅसच्या कामास कोणाला बोलवावे, त्याच्याकडून काय करून घ्यावे आणि कोणते काम त्याच्याकडून मुळीच करून घेऊ नये, हे प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असले पाहिजे.

तीन गॅस, तीन स्वभाव

विचुंब्यासारख्या गावाच्या परिसरात तीन प्रकारचा गॅस भेटतो. पहिला सिलिंडरचा, दुसरा नळाने येणारा आणि तिसरा गोठ्यातील शेणापासून होणारा. तिघांनाही लोक ‘गॅस’ हेच एक नाव देतात. परंतु तिघांचे स्वभाव वेगळे आहेत, आणि ते न ओळखता केलेले काम घातक ठरते.

सिलिंडरमधील गॅस हा मुख्यतः प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण असतो. दाबाखाली त्याचे द्रव झालेले असते. बाहेर पडताच त्या द्रवाचा सुमारे अडीचशे पट वायू होतो. हा वायू हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. त्यामुळे गळती झाल्यास तो वर निघून जात नाही; पाण्यासारखा खाली उतरतो, जमिनीलगत पसरतो, ओट्याखाली, खड्ड्यात, मोरीत साचून राहतो. घरगुती मोठ्या सिलिंडरमध्ये असा १४.२ किलो गॅस असतो.

नळाने येणारा नैसर्गिक वायू हा मुख्यतः मिथेन होय. तो हवेपेक्षा हलका असल्यामुळे वर चढतो व छताशी साठतो. मुंबईत व तिच्या परिसरात असा वायू घरोघरी पोहोचविण्यासाठी १९९५ साली महानगर गॅस या कंपनीची स्थापना झाली, आणि पुढे तिचे नळ नवी मुंबई व पनवेलच्या बाजूसही आले. नळ आपल्या गल्लीपर्यंत आला आहे की नाही, याची चौकशी कंपनीच्या कार्यालयातच करावी. ‘मी जोडून देतो’ म्हणणाऱ्या कोणा वाटसरूकडे करू नये.

गोबर गॅसमध्ये निम्म्याहून अधिक मिथेन व उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो. त्याचा दाब फारच थोडा असतो व त्याच्याबरोबर पाण्याची वाफही येते.

या तिन्ही गॅसच्या दाबातील फरक पाण्याच्या उंचीने मोजता येतो. सिलिंडरचा रेग्युलेटर शेगडीकडे जो दाब सोडतो, तो सुमारे ३० सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका असतो. नळाच्या गॅसचा दाब शेगडीपाशी सुमारे २१ सेंटिमीटरचा, तर तरंगत्या टाकीच्या गोबर गॅसचा सुमारे १० सेंटिमीटरचा असतो. म्हणून तिन्ही शेगड्यांच्या जेटची भोके निरनिराळ्या आकाराची असतात. सिलिंडरच्या शेगडीचे भोक सर्वांत बारीक असते. नळाच्या शेगडीचे त्याहून मोठे आणि गोबर गॅसच्या शेगडीचे आणखी मोठे.

हा फरक पुस्तकी नाही. शहरातील एखाद्या नातेवाइकाने घरी नळाचा गॅस घेतला, पुढे नवी शेगडी आणली आणि जुनी गावच्या घरी पाठविली, असे नेहमी घडते. शेगडी दिसावयास उत्तम, लखलखीत. पण तिचे जेट नळाच्या गॅससाठी बदललेले असतात. ती सिलिंडरला जोडली की ज्योत हातभर उसळते, पिवळी पडते व भांड्यांवर काजळी धरते. उलट सिलिंडरची शेगडी गोबर गॅसला जोडली तर ज्योत मिणमिणती राहते, जराशा वाऱ्याने विझते आणि पुढे कच्चा गॅस वाहू लागतो. दिलेली वस्तू प्रेमाने घ्यावी. परंतु जेट तपासून व बदलून घेतल्याखेरीज ती पेटवू नये. ज्योत निळी, स्थिर व बर्नरला धरून असणे हीच शेगडीच्या आरोग्याची खूण होय.

एका ओट्याची गोष्ट

विचुंब्यातील एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. थोरल्या मुलाने स्वयंपाकघराची भिंत पुढे घेऊन नवा ओटा बांधावयास काढला आहे. गवंडी कसबी आहे, गावचाच आहे, दोन पिढ्यांची ओळख आहे. ओटा पुरा होत आला तेव्हा तो म्हणतो, “काकू, सिलिंडर बाहेरच्या पडवीत ठेवा. भिंतीला भोक पाडतो, नळी आरपार घेतो. जुनी आखूड पडते तर दुसरा तुकडा जोडून देतो. अर्ध्या तासाचं काम!”

गवंड्याच्या मनात कपट नाही. त्याला काम पुरे करून द्यावयाचे आहे. यजमानाचे चार पैसे वाचवावयाचे आहेत. परंतु त्याच्या या एका वाक्यात तीन चुका आहेत. रबरी नळी भिंतीतून नेऊ नये, कारण भिंतीच्या आत ती घासली, चिरली किंवा उंदराने कुरतडली तरी दिसत नाही. नळीला दुसरा तुकडा जोडू नये, कारण तो सांधा दाबासाठी बनविलेला नसतो. आणि नळी दीड मीटरहून लांब असू नये.

सून शिकलेली आहे. ती सासूबाईंच्या कानात सांगते व मग सासूबाईच म्हणतात, “मिस्त्री, ओटा तुमचा, त्याला आमची ना नाही. नळीला मात्र एजन्सीचा माणूस येऊ दे. त्याला यायला दोन दिवस लागले तर लागू देत. तोवर जुन्या जागीच शिजवू.”

या उत्तरातच सारे मर्म आहे. ओट्याची उंची, खिडकी, भिंतीच्या तळाशी व वर ठेवावयाची झरोक्याची भोके, सिलिंडरसाठी सपाट कोरडी जागा, ही कामे गवंड्याची होत व ती त्याच्याहून चांगली कोणी करणार नाही. पण जेथे गॅस वाहतो तेथील प्रत्येक सांधा गॅसच्या कारागिराचा. घरबांधणीच्या वेळी ही विभागणी आधीच ठरविली, तर कोणाचा मानभंग होत नाही व कोणाच्या जिवावरही बेतत नाही.

ज्याचा गॅस, त्याचा कारागीर

सिलिंडर ज्या एजन्सीतून येतो, त्याच एजन्सीकडे तिचे प्रशिक्षित मेकॅनिक असतात. रेग्युलेटर बदलणे, नळी बसविणे, शेगडी तपासणे, जोडणीची जागा बदलणे ही कामे त्यांच्याकडून करून घ्यावीत. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे ज्या घरी प्रथमच सिलिंडर आला, तेथे तर हे आवर्जून सांगितले पाहिजे. कारण ज्या घरात गॅसची पूर्वीची सवय नाही, तेथे ‘मेकॅनिक कशास, शेजारचा पोरगा जोडून देईल’ असे वाटणे स्वाभाविक असते.

नळाच्या गॅसच्या बाबतीत नियम आणखी कडक आहे. रस्त्यापासून मीटरपर्यंतचा नळ व मीटर ही कंपनीची मालमत्ता असते. मीटरपासून शेगडीपर्यंतची लोखंडी अथवा तांब्याची नळी वळविणे, लांबविणे, फरशीमागे गाडून टाकणे, ही कामे घराच्या मालकाने स्वतः किंवा पाण्याच्या प्लंबरकडून करवून घेऊ नयेत. पाण्याचा नळ गळला तर ओल दिसते. गॅसचा नळ फरशीमागे गळला तर काहीच दिसत नाही. वास मात्र भलतीकडेच येतो. कंपनीकडे अर्ज करावा. तिने नेमलेला कारागीर येऊन मोजमाप घेतो, खर्च सांगतो व काम झाल्यावर दाबाची चाचणी घेतो.

गोबर गॅससाठी कोणी एक कंपनी नसते. तेथे दोन कसबे लागतात: संयंत्र बांधणारा गवंडी आणि नळ जोडणारा कारागीर. त्यांच्याविषयी पुढे स्वतंत्र सांगितले आहे.

बोलावण्यापूर्वी व दारात आल्यावर

कारागीर बोलावण्यापूर्वी घरच्या मंडळींनी काय करावयाचे आहे ते नीट ठरवावे व एका कागदावर लिहावे: शेगडी कोठे येणार, सिलिंडर कोठे राहणार, खिडकी कोणत्या बाजूस आहे. सिलिंडर नेहमी उभा ठेवावा व शेगडी त्याच्यापेक्षा उंच जागी असावी. तळघर, जिन्याखालची बंद जागा, बळद, धान्याच्या कणग्यांमधली अडचण या जागा सिलिंडरसाठी निषिद्ध समजाव्यात. जड गॅस तेथे कोंडला जातो.

दारात आलेल्या माणसाचे ओळखपत्र मागण्यात संकोच बाळगू नये. खरा कारागीर ते आनंदाने दाखवितो. गावोगाव ‘सरकारी तपासणी आहे, नळी सक्तीने बदलली पाहिजे’ असे सांगून भारी किमतीला नळ्या गळ्यात मारणारी माणसे फिरतात. अशी माणसे बहुधा दुपारी येतात, जेव्हा घरात म्हातारी माणसे व लहान मुले असतात. गॅसच्या जोडणीची ठराविक मुदतीने तपासणी व्हावयास हवी, ही गोष्ट खरी आहे. म्हणूनच या लबाडीला बळ येते. अशा वेळी त्याला बाहेर थांबवून एजन्सीला फोन करावा. गॅसच्या पुस्तकावर एजन्सीचा क्रमांक असतो. एजन्सीने ‘होय, आमचाच माणूस’ असे सांगितले तर आत घ्यावे; नाही तर चहा पाजून परत पाठवावे.

मजुरीबाबत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. काम सुरू होण्यापूर्वी दर विचारावा व झाल्यावर पावती घ्यावी. परंतु पावती चुकविली तर थोडे स्वस्त पडेल, या मोहात पडू नये. तेल कंपन्यांनी ग्राहकांसाठी अपघाताचा विमा उतरविलेला असतो. अपघात झालाच तर एजन्सीला ताबडतोब लेखी कळवावे लागते व चौकशीत जोडणी कोणी केली, नळी प्रमाणित होती काय, हे विचारले जाते. त्या दिवशी एक चिठोरी हजारो रुपयांच्या मोलाची ठरते.

काम चालू असता

काम चालू असता घरातील जी स्त्री स्वयंपाक करते तिने तेथे उभे राहावे. पुरुष मंडळी बाहेर दराची घासाघीस करीत असतात आणि शेगडी वापरणारीला मात्र कोणी काही सांगत नाही, ही आपल्याकडील जुनी खोड आहे. गॅस गळला तर प्रथम वास तिलाच येणार आहे व प्रथम हात तिलाच चालवावा लागणार आहे. तेव्हा कारागिराने बंद करण्याची खिटी तिला दाखविली पाहिजे व तिच्याकडून दोन वेळा बंद-उघड करून घेतली पाहिजे.

पुढील गोष्टी तिने आपल्या डोळ्यांनी पाहाव्यात.

नळीवर आय.एस.आय. चिन्ह व वर्ष छापलेले असावे. सिलिंडरसाठी आतून तारेची जाळी असलेली नारिंगी ‘सुरक्षा’ नळी मिळते. ती पाच वर्षांनी बदलावी. नळीवर कापड किंवा दुसरी नळी चढवू नये, कारण मग चीर दिसत नाही.

नवा सिलिंडर घेताना त्याच्या कड्याखालील पट्टीवर रंगविलेले अक्षर व आकडे पाहावेत. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. सी-२८ असे असेल तर २०२८ च्या सप्टेंबरअखेर त्या सिलिंडरची पुन्हा चाचणी व्हावयास हवी. मुदत उलटलेला सिलिंडर परत करावा.

सिलिंडरच्या तोंडातील रबरी कडी जागेवर आहे काय ते पाहावे. ही कडी पै-पैशाची वस्तू. परंतु ती फाटलेली असली तर रेग्युलेटर कितीही चांगला असो, गळती थांबत नाही.

जोडणी पुरी झाल्यावर साबणाच्या पाण्याची चाचणी झालीच पाहिजे. वाटीत साबणाचा फेस करून तो प्रत्येक सांध्यावर लावावा. बुडबुडा फुगला तर सांधा गळतो. काडी पेटवून गळती शोधणारा माणूस कितीही अनुभवी असो, त्याला त्याच क्षणी काम थांबवावयास सांगावे. ज्याला साबणाची वाटी मागण्याची सवय आहे तोच खरा गॅसचा कारागीर, ही परीक्षा निरक्षर माणसालाही घेता येते.

गोठ्यातील गॅस

गोबर गॅस ही शेतकऱ्याच्या हक्काची वस्तू होय व महाराष्ट्राशी तिचे नाते जुने आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मैल्यापासून गॅस मिळवून तो वापरात आणला गेला होता. १९६० च्या दशकात खादी व ग्रामोद्योग आयोगाने जशभाई पटेल यांच्या तरंगत्या टाकीच्या संयंत्राचा देशभर प्रसार केला. देहू येथे वैद्यकीय अधिकारी म्हणून आलेले डॉ. सु. वि. मापुसकर यांनी शौचालयाला जोडलेल्या गॅस संयंत्रांसाठी आपले आयुष्य वेचले. त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण व तितकेच पाणी लागते, म्हणजे चार-पाच जनावरे हवीत. विचुंब्यात आज पुष्कळ घरांत तेवढी जनावरे राहिलेली नाहीत. पण नेऱ्याच्या बाजूस व तालुक्याच्या आतील गावांत ज्यांच्या दावणीला ती आहेत, त्यांनी हा विचार जरूर करावा. गॅस काढून झाल्यावरचे पातळ खत भातखाचराला व परसातील भाजीला मिळते, हा दुहेरी लाभ आहे.

येथे गवंड्याची निवड निर्णायक ठरते. घुमटाच्या संयंत्रात विटेचा घुमटच गॅस धरून ठेवतो. घराची भिंत उत्तम बांधणारा गवंडी घुमट उत्तम बांधीलच असे नाही; भिंतीतील केसाएवढी चीर घराला अपाय करीत नाही, घुमटातील तेवढीच चीर सारा गॅस घालवून देते. म्हणून बायोगॅसचे शिक्षण घेतलेला गवंडीच नेमावा. पंचायत समितीच्या कृषी विभागाकडे अशा गवंड्यांची चौकशी करावी, त्याने पूर्वी बांधलेली दोन संयंत्रे स्वतः जाऊन पाहावीत आणि तेथील गृहिणीला विचारावे, “गॅस पुरतो काय?” त्या प्रश्नाच्या उत्तराइतके खरे प्रशस्तिपत्र दुसरे नाही. जागा ठरविताना विहिरीपासून किमान १५ मीटरचे अंतर राखावे.

नळ जोडणाऱ्याने नळाला एकसारखा उतार दिला पाहिजे व सर्वांत खालच्या जागी पाणी काढण्याची सोय ठेवली पाहिजे. कोकणच्या दमट हवेत हे न केल्यास नळात पाणी साचते, ज्योत फडफडते आणि लोक संयंत्रालाच दोष देतात. आरंभी साठलेल्या गॅसमध्ये हवा मिसळलेली असते. तो न पेटविता मोकळ्या हवेत सोडून द्यावा. आणि ज्योतीची परीक्षा शेगडीवरच घ्यावी, नळाच्या उघड्या तोंडाशी कधीही घेऊ नये.

यापुढील सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. संयंत्र तुंबले म्हणून कोणा मजुराला टाकीत उतरवू नये. आत प्राणवायू नसतो, विषारी वायू असतात. उतरलेला माणूस दोन श्वासांत खाली कोसळतो आणि त्याला वाचविण्यास उतरलेला दुसराही त्याच्यामागे जातो. मैलाटाक्यांची धोकादायक सफाई माणसाकडून करवून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी घातली आहे. शेणाच्या टाकीलाही तोच विवेक लावावा. रोजावर आलेला माणूस आपल्या शब्दावर विश्वासून आलेला असतो. त्याच्या जिवाची जबाबदारी काम सांगणाऱ्यावर असते. टाकी रिकामी करावयाची तर बाहेरून, पंपाने, जाणकाराच्या देखरेखीखाली करावी.

न्हाणीघरातील संकट

नव्या घरांत न्हाणीघरात गॅसचा गिझर बसविण्याची चाल पडली आहे. लहान बंद न्हाणीघरात गॅस जळू लागला की प्राणवायू संपत जातो व कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गळणाऱ्या गॅसला मुद्दाम मिसळलेला उग्र वास असतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंगही नसतो. माणसाला गुंगी येते व कडी आतून लावलेली राहते. म्हणून गिझर न्हाणीघराबाहेर, हवेशीर जागी बसवावा व आत फक्त गरम पाण्याचा नळ न्यावा. गिझर विकणाऱ्या दुकानाचा माणूस ‘आतच बसवू, नळ वाचेल’ म्हणाला, तर वाचलेल्या त्या चार हात नळाची खरी किंमत काय, हे त्याला विचारावे.

कारागीर येईपर्यंत

गॅसचा वास आला तर दिवा, पंखा, कोणतेही बटण चालू करू नये. चालू असलेले बंदही करू नये, कारण ठिणगी दोन्ही वेळी पडते. देवापुढील दिवा, उदबत्ती, निखारा विझवावा. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून काढावा व तोंडावर टोपण बसवावे. नळाचा गॅस असेल तर मीटरजवळची खिटी फिरवावी. दारे-खिडक्या उघडाव्यात. सर्वांनी बाहेर यावे व मग बाहेरून फोन करावा. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. नळाच्या गॅसचा तातडीचा क्रमांक बिलावर छापलेला असतो. तो स्वयंपाकघराच्या दाराबाहेर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

गावकार्यकर्त्याने काय करावे

ग्रामपंचायतीचे व कृषी खात्याचे कर्मचारी आणि बचतगटांतील भगिनी यांना हे काम एका दुपारी आरंभिता येईल. गटाच्या सभेत एक शेगडी, एक नळी, एक रेग्युलेटर व साबणाच्या पाण्याची एक वाटी एवढे साहित्य पुरे. एजन्सीच्या मेकॅनिकला बोलवावे, त्याने चाचणी करून दाखवावी व प्रत्येकीने ती स्वतः करून पाहावी. ग्रामपंचायतीच्या फलकावर परिसरातील एजन्सींचे क्रमांक व शिक्षण घेतलेल्या बायोगॅस गवंड्यांची माहिती कोठे मिळेल ते लिहावे. फिरत्या नळीविक्यांची पहिली खबर गटाच्या भगिनींनीच एकमेकींना द्यावी.

गावातील तरुणांनाही यात एक वाट आहे. ज्यांची शेती नव्या वस्तीखाली गेली, अशा घरांतील मुलांनी आय.टी.आय.मध्ये प्लंबर वा फिटरचे शिक्षण घेऊन पुढे गॅस एजन्सी किंवा कंपनीकडे रीतसर तयार व्हावे. गावात इमारती वाढत आहेत. त्यांतील प्रत्येक स्वयंपाकघराला प्रामाणिक कारागीर हवा आहे. तो गावचाच असेल तर अधिक बरे. परंतु गावचा आहे एवढ्यावर त्याच्या हाती सांधा देऊ नये, शिकलेला आहे म्हणून द्यावा.

विचुंब्याच्या त्या घरात तिसऱ्या दिवशी एजन्सीचा माणूस आला. त्याने भिंतीतील भोक पाहून मान हलविली, सिलिंडर ओट्याशेजारच्या झरोक्यापाशी ठेवविला, नवी नळी बसविली आणि साबणाची वाटी मागितली. गवंडी शेजारीच उभा होता. बुडबुडा आला नाही तेव्हा तो म्हणाला, “पुढच्या घरी मीच आधी सांगीन, गॅसवाल्याला बोलवा म्हणून.” आणि त्याने ते भोक आपल्या हाताने सिमेंटने बुजवून टाकले.